नाव विचारायचं नाही

पाटी दुपारी बारा वाजता घरी आली, आणि ती लावायची नाही असं आप्पांनी पहिल्या घासाआधीच सांगून टाकलं.

पाटी म्हणजे दोन फूट रुंद काळा दगड. थोरल्यानं तो गाडीच्या मागच्या सीटवर जुन्या रजईत गुंडाळून आणला होता आणि शेजारच्या दोघांना हाताशी धरून खाली दुकानाच्या भिंतीला टेकवून ठेवला होता. हात धुऊन तो ताटावर बसला तेव्हा त्याचा चेहरा वर्गात पहिला आलेल्या मुलासारखा होता. तो स्वतः मुख्याध्यापक, वय अठ्ठावन्न, त्यामुळे ते जरा गमतीचंच दिसत होतं.

"लावायची नाही म्हणजे?" त्यानं विचारलं.

"म्हणजे लावायची नाही," आप्पा म्हणाले. "कागद असता तर मी गप्प बसलो असतो. आजवर कागदांच्या वेळी गप्प बसलोच. हा दगड आहे, बाबा."

माई भाजी वाढत होत्या. त्यांनी सगळ्यांना वाढून होईपर्यंत मान वर केली नाही. धाकटी मात्र चमचा खाली ठेवून भावाकडे बघू लागली. तिला हे कधीतरी होणार हे ठाऊक होतं, आणि नेमकं आजच व्हावं याचं वाईटही वाटत होतं.

दगडावरचा मजकूर थोरल्याला पाठ होता, कारण तो त्यानंच लिहिला होता. 'शेजार मंडळाची पहिली सभा या खोलीत भरली. माणसामाणसांत उच्चनीच उरू नये म्हणून येथे प्रथमच नावांचा त्याग करण्यात आला. संस्थापक : कवळीवाला.' एकसष्ट वर्षांपूर्वी खालच्या दुकानात, कवळ्यांच्या साच्यांमध्ये बसून आप्पांनी आणि आणखी चौघांनी जे सुरू केलं ते आता त्रेचाळीस देशांत दर गुरुवारी भरत होतं. कुणी विहिरी उपसत होतं, कुणी दवाखान्यांची छपरं शाकारत होतं, कुणी आंधळ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होतं. आणि जगात कुठंही गेलात तरी सभेचा पहिला नियम एकच: नाव विचारायचं नाही, नाव सांगायचं नाही, धंद्यानंच हाक मारायची. न्यायाधीश आला तरी तो 'न्यायाधीश', आणि त्याच्या शेजारी बसलेला 'गटारवाला'. या नियमावर तिकडच्या विद्यापीठांतून दोन प्रबंध झाले होते.

"आप्पा, पाच वाजता अध्यक्षबाई येतायत," थोरला म्हणाला. "एवढ्या लांबून. काय खटकतंय ते सांगा, दुरुस्त करू. 'त्याग' शब्द जड होतोय का?"

"तो नियम मी समतेबिमतेसाठी केला नव्हता रे. मला त्या चौघांची नावं आठवत नव्हती."

वहिनी, म्हणजे थोरल्याची बायको, हसली. ती पस्तीस वर्षं रुग्णालयात परिचारिका होती आणि भलत्या वेळी हसण्याबद्दल तिची तिथंही ख्याती होती.

"हसण्यासारखं काय आहे?" थोरल्यानं विचारलं.

"काही नाही. जेवा तुम्ही."

*

जेवण कसंबसं उरकून थोरला आईच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेला. दार लोटून घेतलं. रोज प्रार्थनेनंतर भाषण करून करून त्याला अशी सवय लागली होती की पाणी मागतानाही तो थोडं प्रास्ताविक करायचा. आज मात्र त्यानं थेट विचारलं.

"हे कधीपासून सुरू आहे?"

"काय?"

"विसरणं. माई, त्यांचं वय एकोणनव्वद आहे. वाईट वाटून घेऊ नकोस, पण आता स्वतःच्याच आयुष्याची सरमिसळ व्हायला लागली असेल. मी त्यांना दोष देत नाही. संध्याकाळी ते खुर्चीवर बसतील, भाषण मी वाचीन. बोलायची वेळच येऊ द्यायची नाही."

माईंना मुलाचं म्हणणं सोयीचं वाटलं, हे खरं सांगायला हवं. पाच वाजता घरासमोर चाळीस माणसं उभी राहणार, त्यांच्यासमोर नवऱ्याचं हसं व्हावं असं कुठल्या बाईला वाटेल? त्यांनी मान डोलावली. "बरं. तू वाच. मी त्यांच्या शेजारी बसते, हात धरून."

तेवढ्यात वहिनी ताटं घेऊन आत आली. दार लोटलेलं असलं तरी ऐकायचं ते तिनं ऐकलं होतं.

"आप्पांना काही झालेलं नाही," ती ताटं खाली ठेवत म्हणाली. "मागच्या महिन्यात मीच सगळं तपासलं. तारीख, वार, शंभरातून सात सात वजा करणं. माझ्याआधी त्यांचं उत्तर तयार. मग मी विचारलं, समोरच्या घरात कोण राहतं? तर म्हणाले, खालचा जबडा जरा पुढं आहे, उजवीकडची दाढ मी बसवली, बायको शिक्षिका. नाव? नाव नाही सांगता आलं. तीस वर्षं समोर राहतोय तो माणूस."

"बघ, मी हेच म्हणतोय."

"अहो, हे आजचं नाही. जन्माचं आहे. असतात अशी माणसं. चेहरा आठवतो, सगळं आठवतं, नाव तेवढं टिकत नाही. माई, तुम्हाला माहीत नाही?"

माई भांडी घासण्याकडे वळल्या. नळ मोठा सोडला, मग बारीक केला.

"लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मला 'अगं' म्हणाले," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, लाजतायत. आठवड्यानं लाज जाईल. आजतागायत 'अगं'च आहे."

आता वहिनीच्या जोडीला माईही हसायला लागल्या, आणि थोरला स्वतःच्या आईच्या स्वयंपाकघरात एकटा पडला. दहा मिनिटांपूर्वी आई त्याच्या बाजूची होती. तो जिना उतरून खाली गेला.

*

दुकान आता धाकटी चालवत होती. दोन मुलांतली एक कधी मंडळात गेली नाही, ती हीच. गुरुवारी आप्पा सभेत असायचे आणि दुकान कुणीतरी उघडं ठेवायलाच हवं होतं. बारावीपासून ते तिनं ठेवलं. थोरल्याच्या मते जगाचं भलं करण्याची घरातली परंपरा तिनं मोडली. तिच्या मते गावातल्या निम्म्या लोकांना संध्याकाळी चावता येतं ते तिच्यामुळे, आणि हे काही जगाच्या बाहेरचं काम नव्हतं.

ती एका कवळीच्या कडा घासत होती. भाऊ आत आलेला दिसल्यावर तिनं चाक बंद केलं.

"तुला माहीत होतं," थोरला म्हणाला.

"हो."

"कधीपासून?"

तिनं हात पुसले आणि मागच्या मांडणीकडे गेली. तिथं खालपासून छतापर्यंत प्लास्टरचे साचे होते. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या वरच्या आणि खालच्या जबड्याचा एकेक. जुन्यातले जुने सगळ्यात वर. तिनं स्टुलावर चढून तीन-चार खाली काढले आणि त्यांचे तळ भावासमोर धरले. पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: 'टपालवाला, वरचा.' 'सायकलदुरुस्ती, खालचा.' 'बेकरी, दोन्ही.' 'शिंपी, वरचा.'

"तारखा बघ, दादा."

थोरल्यानं चष्मा लावून तारखा बघितल्या. पहिल्या सभेच्या सहा-आठ महिने आधीच्या.

"म्हणजे मंडळ निघायच्या आधीपासून ते लोकांना धंद्यानंच ओळखत होते," धाकटी म्हणाली. "मांडणी रंगवायला काढली तेव्हा मला सापडलं. वीस वर्षं झाली."

"वीस वर्षं तू बोलली नाहीस?"

"कुणाला बोलू? तुला? तू तेव्हा शाळाशाळांतून 'नावाचा त्याग' म्हणून व्याख्यानं देत होतास. छान द्यायचास. मी एकदा मागं उभी राहून ऐकलं होतं."

थोरला शिंप्याचा साचा हातात घेऊन उभा राहिला. शिंपीकाकांना दोघंही लहानपणापासून ओळखत होते. सडाफटिंग माणूस, ना मागं ना पुढं कुणी. मुलांच्या शाळेचे गणवेश तेच शिवायचे आणि वाढीला जागा ठेवून शिवायचे. त्यांना जाऊन एकोणतीस वर्षं झाली. वरचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते, ते प्लास्टरमध्ये अजून तसेच होते.

"पाटी लागली तर काय बिघडणार आहे गं?" त्यानं हळू आवाजात विचारलं. "कुणाचं नुकसान होतंय?"

"ते आप्पांना विचार. मला नको विचारूस."

*

आप्पा जिन्यावरूनच ऐकत होते. एकेक पायरी उतरायला त्यांना वेळ लागत होता, आणि उतरता उतरता ते काय बोलायचं ते जुळवत होते. हे खरं तर शिंप्याला सांगायचं होतं. बत्तीस वर्षं दर गुरुवारी तो डाव्या हाताला बसायचा, आणि बत्तीस वर्षं आप्पा पुढच्या गुरुवारवर ढकलत राहिले. मग शिंपी गेला. आता पोरगा तरी ऐकेल का, कोण जाणे.

"बस," ते थोरल्याला म्हणाले आणि स्वतः गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. "मी या गावात आलो तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. वर्षभरात दोनशे लोकांच्या तोंडात हात घातला. आणि रस्त्यात समोरून कुणी आलं की मी पलीकडच्या बाजूला जायचो. हाक काय मारणार? नाव घेतलं की माणसाला बरं वाटतं, आणि मला तेच येत नव्हतं. लोक म्हणायचे, कवळीवाला शिष्ट आहे. वर्षभर माझ्याशी कामाशिवाय कुणी बोललं नाही. फार एकटं वाटायचं रे मला. रात्री साच्यांशी बोलायची वेळ आली होती."

थोरला स्टूल ओढून बसला.

"शेवटी चौघांना चहाला बोलावलं. ज्यांचा स्वभाव बरा वाटला ते. चौघं आले, आणि एकमेकांना ओळखत नव्हते. आता यजमानानं ओळख करून द्यायला हवी. मी उभा राहिलो आणि चारही नावं साफ गेली. कान तापले माझे. म्हणालो, इथं आपण धंद्यानंच हाक मारायची. शिंप्यानं विचारलं, का? तोंडाला आलं ते बोललो: म्हणजे कुणी मोठं नाही, कुणी लहान नाही."

"मग?"

"मग तो उठला. त्याच्या घराण्याचं नाव काय होतं, लोक ऐकून कसं तोंड फिरवायचे, हे मला नंतर कळलं. पंचवीस वर्षांत त्याला कुणी असं चहाला बसवलं नव्हतं. त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेना. डोळ्यांत पाणी. म्हणाला, अशी माणसं असतील तर नुसता चहा पिऊन उठायचं नाही, काहीतरी करायचं. त्याच आठवड्यात टपालवाल्याच्या गल्लीतल्या एका म्हातारीचं छप्पर आम्ही शाकारलं. त्यानंच ठरवलं, त्यानंच माणसं गोळा केली. पुढच्या गुरुवारी परत या, हेही त्यानंच सांगितलं. मंडळ शिंप्यानं काढलं. मी फक्त नावं विसरलो."

बोलून झाल्यावर आप्पांना मोकळं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. समोर मुलगा होता आणि त्याचा चेहरा लहानपणी दिसायचा तसा दिसत होता.

"आप्पा," थोरला म्हणाला, "माझं एकही स्नेहसंमेलन तुम्ही बघितलं नाहीत. दरवर्षी गुरुवारी असायचं. आठवीत मी नाटकात प्रमुख भूमिकेत होतो. मी स्वतःला समजावलं की माझे वडील माझ्या एकट्याचे नाहीत, त्यांनी जगासाठी स्वतःचं नावसुद्धा टाकलंय, तिथं माझ्या नाटकाचं काय. पन्नास वर्षं मी त्यावर काढली. आणि आता तुम्ही म्हणता, चहाला माणसं हवी होती."

धाकटीनं भावाच्या पाठीवर हात ठेवला. आयुष्यभर दोघांचं पटलं नव्हतं, पण हे दुखणं तिलाही होतं.

"सभा चुकवता आली असती," आप्पा म्हणाले. "शिंप्यानं दरवर्षी सांगितलं, जा, मी बघतो. मीच गेलो नाही. तिथं तुझ्या मित्रांचे आईबाप येणार, नावं सांगणार, पुढच्या वेळी मी विसरणार, आणि तुझा बाप शिष्ट आहे असं पोरं तुला म्हणणार. गुरुवार मला बरा पडायचा. हे चुकलं माझं. फार चुकलं."

मग ते म्हणाले, "तुमची दोघांची नावं मात्र पाठ केली. सकाळी दात घासताना म्हणतो. अजून म्हणतो."

थोरल्यानं चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसला.

*

अध्यक्षबाई पाचाऐवजी पावणेचारलाच आल्या. मंडळात त्या 'सुईण'. तरुणपणी दोन वर्षं इथल्या प्रसूतिगृहात शिकायला होत्या, त्यामुळे भाषा यायची, फक्त लिंगांचा घोटाळा व्हायचा. दारातच म्हणाल्या, "माझी विमान लवकर आली." माईंना त्या तिथंच आवडल्या.

त्यांना खाली दुकानातच बसवलं. आप्पांनी त्यांना सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी थोडक्यात. थोरला भिंतीशी, दगडाच्या शेजारी उभा होता. आता बाई उठून जातील किंवा हसतील अशी त्याची अपेक्षा होती. त्या शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

"आमच्याकडे लढाई झाला," त्या म्हणाल्या. "बाहेरचं कुणी नाही. आम्हीच दोन बाजू. तोंडावरून कळत नाही कोण कुठल्या बाजूचा. नावावरून कळतं. लोक रस्त्यात थांबवायचे आणि नाव विचारायचे. मग मारायचे किंवा सोडायचे."

चहा घेऊन आलेली वहिनी दारातच थांबली.

"आमचा सभा चालू होता. अकरा जण. बंदूकवाले आत आले. नाव विचारलं तर प्रत्येकानं फक्त धंदा सांगितला. मग म्हणाले, यातले त्यांचे कोण ते सांगा, बाकीचे घरी जा. आम्ही एकमेकांकडे बघितलं. सहा वर्षं आम्ही एकत्र काम केलं होतं. आणि कुणालाच माहीत नव्हतं. भीतीनं सांगायचं म्हटलं तरी सांगता येत नव्हतं. माझ्या शेजारचा माणूस फार घाबरट. तो नक्की सांगितला असता. त्याला ठाऊकच नाही तर काय सांगेल?"

"मग काय केलं त्यांनी?" माईंनी विचारलं.

"त्यांना दुसरीकडे जायचं होतं. वैतागले आणि गेले. अकराही वाचले. एक पुढं म्हातारपणानं गेला." त्या आप्पांकडे वळल्या. "तुम्हाला आठवलं नाही, म्हणून आम्हाला सांगता आलं नाही. हा नियम शहाणपणातून आला की विसरण्यातून, मला काय करायचं? मी आभार मानायला आले होते. तेच मानते."

आप्पांनी मान हलवली. त्यांना ते पचत नव्हतं. "माझे नका मानू," ते म्हणाले. "शिंप्याचे माना. मी हा नियम दुसऱ्या गुरुवारी मोडणार होतो. नावं एका चिठ्ठीवर लिहून खिशात घेऊन गेलो होतो. पण तो शिंपी दारात उभा राहून नवीन येणाऱ्या प्रत्येकाला तो नियम समजावून सांगत होता, इतक्या अभिमानानं. चिठ्ठी मी परत आणून चुलीत टाकली."

थोरला धाकटीकडे वळला.

"दगडावरची अक्षरं घासून काढता येतात का गं?"

"तुझ्या त्या 'त्यागा'सकट काढता येतील," धाकटी म्हणाली. "पण पाचच्या आत नाही."

*

पाच वाजता दुकानासमोरच्या रस्त्यावर चाळीस म्हणता म्हणता साठ माणसं जमली. गावातले जुने सभासद होते, सुईणीबरोबर आलेले परदेशी होते, समोरच्या घरातला तो पुढं आलेल्या जबड्याचा माणूस होता. आप्पा खुर्चीत बसले. माई शेजारी बसल्या, पण हात धरला नाही. वहिनी आणि धाकटी दारात एकमेकींना टेकून उभ्या राहिल्या, आणि त्या दोघींना असं उभं राहिलेलं यापूर्वी कुणी बघितलं नव्हतं.

थोरल्यानं खिशातून भाषणाचे सहा कागद काढले. पहिला कागद वाचायला डोळ्यांसमोर धरला, आणि मग सहाही कागद घडी करून परत खिशात ठेवले. कागदाशिवाय बोलायची त्याला सवय नव्हती.

"पाटी आज लावत नाही," तो म्हणाला. "मजकूर चुकलाय. मजकूर मीच लिहिला होता. आपलं मंडळ माझ्या वडिलांनी काढलं असं आपण समजतो. ते एका शिंप्यानं काढलं. माझे वडील त्या दिवशी चहा पाजत होते, आणि पाहुण्यांची नावं विसरले होते. आपल्या पहिल्या नियमाचं मूळ एवढंच आहे."

मागून कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, मोकळं आणि प्रेमानं. आप्पाही हसले. थोरल्यानं वडिलांकडे बघितलं. साठ माणसांसमोर ते हसतायत आणि शरमत नाहीत, हे तो पहिल्यांदाच बघत होता. त्यानं मग सगळं सांगितलं: चहा, छप्पर, दारात उभं राहून नियम समजावणारा शिंपी. प्रास्ताविक न करता सांगितलं, आणि ते त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात लहान भाषण झालं.

संपल्यावर पुढच्या रांगेतल्या एका तरुण मुलीनं हात वर केला. ती बस चालवायची आणि मंडळात येऊन तिला दोनच महिने झाले होते.

"नियम मोडतेय, माफ करा," ती म्हणाली. "पण नवीन पाटीवर त्यांचं नाव तरी लिहा. काय होतं त्यांचं नाव?"

थोरल्यानं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तो धाकटीकडे वळला. तिच्यासाठी ते शिंपीकाका होते. माईंसाठी शिंपीभावजी. जुन्या सभासदांनी एकमेकांकडे बघितलं, आणि मग सगळे आप्पांकडे बघू लागले.

आप्पा खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उभे राहिले.

"तो गेला त्या दिवशी कुणीतरी मोठ्यानं घेतलं होतं," ते म्हणाले. "मी रडत होतो, मला नीट ऐकू आलं नाही. आणि परत विचारायची लाज वाटली."